तंबोरा जोडताना

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीत माझं माहेर. लग्न होऊन कोल्हापूरला आले त्याला सव्वीस वर्षं झाली. अजूनही कुणी माहेर विचारलं आणि मी मिरज म्हटलं, की समोरच्याला दोनच गोष्टी आठवतात. एक तिथले दवाखाने आणि दुसरी सतार-तंबोरे. आमचं घर तंबोरे बनवणाऱ्यांचं आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न हमखास येतो, "मग तुम्हाला वाजवता येतं का?" वाजवता येत नाही, असं मी सांगते आणि विषय संपतो. "तुम्हाला बनवता येतं का?" असं मात्र मला आजवर कुणी विचारलं नाही. बाईला हा प्रश्न विचारता येतो, हेच कुणाच्या मनात येत नसावं.

आमच्या घरी बायका वाद्यांच्या कामाला हात लावत नव्हत्या, असं मुळीच नाही. दुपारची भांडी घासून झाली की अम्मी, चाची आणि आम्ही बहिणी माडीवर बसायचो. भोपळ्याच्या आतला वाळलेला गर खरवडणं, नक्षीसाठी सेल्युलॉइडची पानं-फुलं बारीक करवतीने कापणं, त्यांच्यावर कोरलेल्या रेषांत काळा रंग भरणं, पॉलिश पेपर मारणं, शेवटी फडक्याने लाखेचे हात देणं, ही सगळी कामं आमच्याकडे. एका तंबोऱ्याला शंभर-दीडशे पानं सहज लागायची. दुकानात आलेले गवई दांडीवरून हात फिरवून म्हणायचे, "वा, नक्षी काय सुरेख आहे!" अब्बा मान लववून म्हणायचे, "आपकी दुआ है." आम्ही आत चहा गाळत असायचो.

दुकानात लाल कापडी बांधणीची एक वही होती. लाकडाचे पैसे, भोपळ्यांचे पैसे, तारांचा खर्च, कारागिरांची मजुरी, सगळा हिशेब तिच्यात असे. नक्षीच्या मजुरीचा रकाना नव्हता. घरचंच काम, त्याचा हिशेब काय ठेवायचा? मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. अब्बांनी आम्हाला कशाची उणीव भासू दिली नाही. जे होतं तेवढंच सांगते आहे.

एक काम मात्र असं होतं, की त्याच्या जवळपासही आम्ही फिरकत नव्हतो. ते म्हणजे जवारी काढणं. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे समोरच्या लाकडी फळीवर, छोट्या चौरंगासारखी घोडी बसवलेली असते. चारही तारा तिच्यावरून जातात. या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला अगदी नकळत उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच टेकत, सुटत, पुन्हा टेकत राहते आणि त्यातून तंबोऱ्याचा तो भरलेला, मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारखा नाद उठतो. उतार केसभर कमी-जास्त झाला तर तंबोरा मुका तरी राहतो नाही तर कर्कश झणझणतो. कानस घेऊन हा उतार बरोबर आणणं म्हणजे जवारी काढणं. ते काम अब्बा आणि चाचा दुकानाच्या मागच्या खोलीत करायचे, आणि त्या वेळी आम्हाला आवाज करायलाही मनाई असे.

आमचे पूर्वज शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. इंग्रजांचा अंमल बसला, संस्थानांच्या लढाया थांबल्या आणि तलवारींचं काम गेलं. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. तिथे गाण्याला राजाश्रय होता, पण उत्तरेकडून आणलेली वाद्यं बिघडली की दुरुस्त करायला जवळपास माणूस नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या आमच्या समाजातल्या कारागिराने ती वाद्यं उघडून पाहिली, दुरुस्त केली आणि मग स्वतःच बनवायला घेतली, असं मिरजेत पिढ्यान् पिढ्या सांगतात. तेव्हापासून हे लोक सतारमेकर झाले. पात्याला धार देणारा हात घोडीवर कानस चालवू लागला. मला यात नेहमी एक गंमत वाटते. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केलं आणि चिलखताच्या कड्या नीट मोजून-मापून घडवण्याची ताकीद दिली, असं कुरआनात आलं आहे. ते पैगंबर होते आणि आपल्या हाताच्या कमाईवर जगत, हे हदीसमध्येही आहे. माप सांभाळून काम करणं ही आपल्याकडे साधी गोष्ट मानलेली नाही.

पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि दरवर्षी उरुसात गाणारे-वाजवणारे लांबून येऊन तिथे हजेरी लावतात. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर, जन्म १९०५, मिरजेचाच. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये त्यांचं नाव घेतात. म्हणजे बाई तंबोरा घेऊन मंचावर बसली त्यालाही आता शंभर वर्षं होत आली. तंबोऱ्याच्या दुकानात बसायला मात्र ती अजून आलेली नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात बातमी आली तेव्हा रमजान ईदचे दिवस होते. ईद मिलायला मी मिरजेला गेले. अब्बांना जाऊन आता नऊ वर्षं झाली, दुकान चाचा सांभाळतात. मी मुबारकबाद दिली, तर चाचा शिरखुर्म्याची वाटी खाली ठेवून म्हणाले, "निशानी तो मिल गई बेटा. अब बनानेवाला कहाँ से लाऊँ?" चाचांची दोन मुलं. एक कतारमध्ये एसीचं काम करतो, दुसरा औषध कंपनीत आहे. दोघेही गुणी आहेत, घरी पैसे पाठवतात. दुकानात दोन कारागीर आहेत, ते जोडकाम उत्तम करतात. जवारी मात्र एकटे चाचाच काढतात. गल्लीत आणखी घरं आहेत, तिथे अजून जाणते हात आहेत. पण आमच्या घराचा जो नाद आहे, जो ऐकून जुने गवई "हे अमक्यांच्या दुकानातलं" असं ओळखायचे, तो चाचांबरोबर जाणार होता.

मी म्हटलं, "चाचा, मला एका तंबोऱ्याचं सगळं सामान सुटं द्या. मी घरी नेऊन जोडते. जोडून झाला की जवारीला तुमच्याकडे आणते, पण जवारी तुम्ही काढायची नाही. मला शिकवायची."

चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जोडना आसान है, बुलवाना मुश्किल." नाही म्हणाले नाहीत.

आठवड्याने मी सामान घेऊन मिरज-कोल्हापूर गाडीत बसले. गोणपाटात गुंडाळलेला ४० इंच घेराचा भोपळा, तूणाच्या लाकडाची दांडी, तिच्यावर बसवायची पट्टी, भोपळा आणि दांडी सांधणारा लाकडी गळा, तबलीची न तासलेली फळी, चार खुंट्या, घोडीसाठी उंटाच्या हाडाचा तुकडा, सरसाची वडी, चपडा लाख आणि तारांची चार वेटोळी. घोडीला पूर्वी सांबरशिंग आणि नक्षीला हस्तिदंत वापरत. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं आणि योग्यच झालं. आता उंटाचं हाड किंवा शिसवी वापरतात, नक्षीला सेल्युलॉइड. डब्यातल्या एका बाईंनी विचारलं, "एवढा मोठा भोपळा कशाला नेताय, भाजीला?" मी म्हटलं, "हा कडू असतो, खात नाहीत." त्या म्हणाल्या, "मग पिकवतात कशाला?"

त्यांचा प्रश्न खरा होता. हा भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडच्या शेतांत, भीमेच्या खोऱ्यात पिकतो. तिकडे पाऊस कमी, ऊन कडक, त्यामुळे साल जाड आणि टणक होते. फळ वेलावर पूर्ण पिकू देतात आणि मग महिनोन् महिने वाळवतात. सावकाश वाळलेला भोपळा वर्षानुवर्षं टिकतो, घाईने वाळवलेला तडकतो. चाचा भोपळे घ्यायला अजूनही स्वतः जातात, बोटांनी टिचकी मारून ऐकतात आणि दहांतला एखादा बाजूला काढतात.

भोपळा मी एक दिवस पाण्यात भिजवून मऊ केला, समोरची बाजू कापली, आतल्या बिया आणि गर काढला. कापलेलं तोंड वाळताना आत ओढलं जाऊ नये म्हणून आत काठ्यांचा आधार लावून सावलीत ठेवला. एवढं काम मला लहानपणापासून येत होतं. पुढचं नवीन होतं. गळा भोपळ्याला बसवायचा, तर दोन्हीकडची वळणं एकमेकांत रुतली पाहिजेत. थोडं तासायचं, लावून बघायचं, उजेड दिसतो का पाहायचं, पुन्हा तासायचं. फोनवर चाचा एकच सांगायचे, "सरसावर भरोसा ठेवू नको. सरसाशिवाय बसलं पाहिजे, मग सरस लाव." सरस थेट विस्तवावर ठेवत नाहीत. खालच्या भांड्यात पाणी उकळत ठेवून वरच्या भांड्यात तो पातळ करतात. त्याचा वास घरभर झाला तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, कातडं जळतंय का काय?"

सासूबाईंबद्दल थोडं लिहायला हवं. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, पाच वेळच्या नमाजी आहेत. माझ्या सासरी वाद्याचा कधी संबंध आला नव्हता. सामान घरात आलं तेव्हा नात्यातल्या एक-दोघींनी विचारलंच, "घरात बाजा कशाला?" वाचक भगिनींपैकी काहींच्या मनातही हा प्रश्न आला असेल. संगीताबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद फार जुने आहेत. इमाम गजालींनी समाअ या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे आणि त्यांच्या आधी व नंतरही दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी आलिमा नाही, त्यामुळे फतवा देण्याचं काम माझं नाही. ज्याने-त्याने जाणत्याला विचारावं. मी इतकंच जाणते, की आमच्या घरातल्या चार पिढ्यांनी या कामावर हलालाची भाकरी खाल्ली, मापात खोट केली नाही आणि अजान झाली की रंधा खाली ठेवला. सासूबाईंनी माझ्याशी वाद घातला नाही. त्यांनी दोन अटी घातल्या. नमाजच्या वेळी ठोकाठोक नाही आणि स्वयंपाकघराच्या शेगडीवर सरस नाही. मी अंगणात वेगळी चूल मांडली.

गळ्यावर दांडी चढली, मग तबली. तबलीची फळी मधून किंचित फुगीर तासायची असते, कडेला जराशी पातळ. किती पातळ हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून चाचपायची, गाठीवर टिचकी मारायची, आवाज लाकडाचा येतो की पोकळीचा ते ऐकायचं. जाड राहिली तर नाद कोंडतो, फार पातळ झाली तर घोडीवरच्या तारांच्या ताणाने पुढे बसते. मी रोज दुपारी शाळेतून आले की तास-दीड तास तासायचे. तीन आठवडे त्यातच गेले. ती भोपळ्यावर चिकटवून सुतळीने आवळली तेव्हा जून लागला होता.

मग पाऊस. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतींना ओल. या काळात लाखेचं पॉलिश करत नाहीत. हवेतला ओलावा त्यात शिरतो आणि वर पांढुरकी झाक येते. म्हणून पावसाळा मी नक्षीला दिला. दुपारी खिडकीशी बसून पानं कापायची. हात लगेच बसला. तीस वर्षांपूर्वीची माडी, अम्मीच्या बांगड्यांचा करवतीबरोबरचा आवाज, सगळं बोटांत होतं. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की आमच्या घरच्या बायका या धंद्याच्या किती आतपर्यंत होत्या. तंबोऱ्याचा असा भाग क्वचितच असेल ज्याला त्यांचा हात लागत नव्हता. फक्त घोडी राहिली होती.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि पॉलिश काढलं. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायची, गाळायची. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून त्यात भिजवायचा आणि लांब, न थांबणारे हात मारायचे. हात मध्येच थांबला की डाग उठतो. एक हात वाळला की बारीक पॉलिश पेपर, मग दुसरा. असे वीस-पंचवीस हात देताना तूणाच्या लाकडाचा तांबूस रंग आतून वर येत जातो. मलमल संपली तेव्हा सासूबाईंनी पेटीतून आपली एक विरलेली ओढणी काढून दिली. म्हणाल्या, "ही धुऊन धुऊन मऊ झाली आहे, रेघ उठणार नाही." त्यांचं बरोबर होतं. नव्या मलमलीपेक्षा तिचा हात सरस बसला.

खुंट्या त्यांच्या भोकांत तासून बसवल्या, फिरताना सटकू नयेत म्हणून खडू लावला. तारा चढवल्या. बायकांच्या तंबोऱ्याला पहिल्या तीन तारा पोलादी आणि शेवटची पितळी, खर्जाची. पहिली पंचमात, मधल्या दोन जोडीच्या षड्जात, शेवटची खालच्या षड्जात. तारांत ओवलेले मणी वर-खाली सरकवून सूर बारीक जुळवायचा. सगळं जुळलं, तारा छेडल्या आणि ठण् ठण् असा कोरडा आवाज आला. तंबोरा जोडून झाला होता, पण बोलत नव्हता. हाडाची घोडी अजून नुसती चौकोनी तुकडा होती. चाचा म्हणाले होते ते मला तेव्हा कळलं. सुट्या सामानाच्या गोणीत सगळं देता येतं, हे एक सोडून.

डिसेंबरपासून मी दर रविवारी मिरजेला जाऊ लागले. पहिले तीन रविवार चाचांनी मला कानसीला हात लावू दिला नाही. मागच्या खोलीत पाच-सहा तंबोरे उभे करून ठेवले आणि एकेक छेडत विचारलं, "हा आणि तो, फरक काय?" कुणाची जवारी खुली, म्हणजे मोकळी आणि झळाळती. कुणाची बंद, म्हणजे गोल आणि दबलेली. कुठल्या गळ्याला कुठली चालते. पितळी तार छेडली की तिच्यात थोड्या वेळाने वर एक गंधार उमटतो, जो कुणी छेडलेलाच नसतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू येईपर्यंत मी डोळे मिटून बसायचे. एकदा ऐकू आला की नंतर न ऐकू येणं शक्य नसतं.

चौथ्या रविवारी कानस. आधी सरावाच्या घोड्यांवर. तारा सैल करायच्या, घोडी काढायची, एकाच दिशेने दोन-तीन हात फिरवायचे, पुसायची, परत बसवायची, तारा चढवायच्या, जुळवायच्या, छेडायच्या, ऐकायचं. मग पुन्हा तेच. दिवसात वीस-पंचवीस वेळा. तार घासून हाडावर एक बारीक चमकती रेघ उमटते. घोडी उजेडात तिरपी धरून ती रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे पाहायचं, तिथूनच पुढे कुठे घासायचं ते कळतं. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. तो केसभर पुढे-मागे करताना एका जागी सगळा नाद अचानक उघडतो.

शाळेत मी विज्ञान शिकवते, म्हणून मला यात आणखी एक गोष्ट भावली. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो असे उपस्वर एरवी निघत नाहीत, हा तारांचा नेहमीचा नियम. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात, आणि त्याचं कारण ही वक्र घोडी, असं त्यांनी दाखवून दिलं. मी चाचांना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनी लिहून ठेवलं ते चांगलं केलं." आणि घोडी माझ्या हातातून घेऊन पुन्हा उजेडात धरली.

जानेवारीतल्या एका रविवारी माझ्या तंबोऱ्याच्या घोडीवर काम चाललं होतं. चाचांनी तारा छेडल्या, थोडं थांबले आणि विचारलं, "कसं वाटतं?" मी म्हटलं, "जोड बरोबर आहे. खर्जाला वर थोडी पत्र्यासारखी कुरकुर आहे." त्यांनी पुन्हा छेडली. मान तिरकी करून उजवा कान जवळ नेला. मग कानस माझ्याकडे सरकवत हळूच म्हणाले, "काढ. मला ती आता ऐकू येत नाही."

दोन वर्षांपासून त्यांना वरची झणझण नीट ऐकू येत नव्हती. डावा कान जवळजवळ गेला होता. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण गावभर झालं असतं तर जवारीला तंबोरे कोण आणलं असतं? ते हाताच्या सवयीवर आणि रेघ पाहून काम करत होते, आणि त्यावरही त्यांचं काम पुष्कळांपेक्षा चांगलं होतं. पण त्यांना स्वतःला ते पुरेसं वाटत नव्हतं. मी हे त्यांची परवानगी घेऊन लिहीत आहे. त्यांचं म्हणणं, "लिही. दुसऱ्या कुणाचा कान जाण्याआधी तो कुणाला तरी बसवून घेईल."

मी कुरकुर काढली. त्याला तो सबंध दिवस लागला आणि मगरिबच्या आधी थोडा वेळ धागा जागेवर बसला. चाची स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. चाचांनी त्यांना खुणेनं विचारलं, त्यांनी मान हलवली. पन्नास वर्षं भिंतीपलीकडून ऐकून त्यांचा कान पक्का झालेला होता, हे मला तेव्हा कळलं. बहुधा चाचांना आधीपासून माहीत असावं.

तो तंबोरा कोल्हापूरच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी घेतला. पैसे दुकानात दिले. चाचांनी लाल वही काढली, सामानाचा खर्च वजा केला आणि उरलेली रक्कम माझ्या नावावर लिहिली, जोडकाम आणि जवारी म्हणून. मग थोडा विचार करून त्याखाली आणखी एक ओळ आखली आणि लिहिलं, नक्षी. त्यापुढे वेगळा आकडा. आता दुकानात होणाऱ्या प्रत्येक वाद्याच्या हिशेबात ती ओळ असते आणि नक्षीचे पैसे चाचींच्या हातात जातात. चाची म्हणतात, "या वयात मी पैशाचं काय करू?" पण घेतात.

सध्या मी महिन्यातले दोन रविवार जवारीला जाते. चाचांची एक नात यंदा दहावी झाली. सुट्टीत ती मागच्या खोलीत येऊन बसली. पहिले काही दिवस तिला फक्त ऐकायला बसवलं आहे.

वाचकहो, वाद्यांचा विषय कुणाला आपला वाटेल, कुणाला वाटणार नाही. पण आपल्या घराघरांत असे हात आहेत. मालेगाव-भिवंडीत मागासाठी कांड्या भरणाऱ्या, सोलापुरात बिड्या वळणाऱ्या, कुठे जरीकाम, कुठे शिवण करणाऱ्या. धंद्याचा निम्मा भार त्या उचलतात आणि धंदा कुणाचा विचारलं तर नाव दुसऱ्याचं सांगितलं जातं. मग एक दिवस घरातला जाणता माणूस थकतो, मुलं दुसरीकडे गेलेली असतात आणि आपण म्हणतो की हुन्नर संपला. तो संपायच्या आधी घरातल्या मुलीला, सुनेला, भाचीला मागच्या खोलीत बोलवावं. अवघड काम तिला शिकवावं आणि तिच्या कामाचा रकाना वहीत आखावा. स्त्रियांना त्यांच्या कमाईचा वाटा आहे, हे कुरआनाने सांगितलेलंच आहे.

चाचांसाठी दुआ करा. त्यांचा उजवा कान अजून चांगला आहे. अल्लाह तो सलामत ठेवो.